थुंकी कुणाची

"ही थुंकी कुणाची आहे?" नगरकर सरांनी विचारलं.

त्यांच्या हातात एक नळी होती. तसल्याच आणखी पस्तीस समोरच्या स्टँडमध्ये उभ्या होत्या, आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरात नाव, वय, लिंग लिहिलेलं होतं. मी म्हणाले, "सर, वाडीतल्या लोकांची. नावं आहेत ना वर."

"नावं वाचता येतात मला. थुंकीचं विचारतोय. बसा तुम्ही."

सर मला एरवी 'अगं हेमांगी' म्हणायचे. ते 'तुम्ही'वर आले की समोरच्याची धडगत नाही, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. मी बसले. खिडकीशी गोगटे उभा होता. तोही माझ्यासारखाच सरांच्या हाताखाली संशोधन करायचा आणि पहिल्या दिवसापासून मला पाण्यात पाहायचा.

याला आता वीसेक वर्षं झाली. माणूस आफ्रिकेतून निघाला, चालत चालत आपल्याकडे आला आणि पुढे कुठे कुठे पांगला, याचा माग आज हयात असलेल्या माणसांच्या शरीरातून काढायचा, हे आमचं काम. आई लेकीला जे देते त्यातला एक धागा हजारो वर्षांत फारच थोडा बदलतो. ते बदल मोजत मागे गेलं की वाट दिसू लागते. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिलेली माणसं लागतात. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी कडेला, सरांनी अशी एक वाडी हेरली होती. वाडीचं आणि जमातीचं नाव मी लिहीत नाही. तसा शब्द आम्ही त्या लोकांना दिला होता, आणि निदान आमच्या बाजूने तरी तो पाळला जावा.

"छत्तीसच्या छत्तीस नळ्यांत एकच व्यक्ती आहे," सर म्हणाले. "आणि ती बाई आहे. अठरा पुरुषांच्या नळ्यांत पुरुषाचं गुणसूत्रच नाही. दोनदा तपासून घेतलं मी."

सर नळी स्टँडमध्ये ठेवत म्हणाले, "डोंगर चढून जायचं, दारोदार फिरायचं, लोकांच्या मिनतवाऱ्या करायच्या. दमायला होतं. त्यापेक्षा लॉजवर बसून एकटीने नळ्या भरणं सोपं. तुम्ही केलंत असं मी म्हणत नाही. पण कुणीही हेच म्हणेल."

मी गोगटेकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. आधी मला त्याचाच संशय आला. नळ्या उघडून पुढचं काम त्यानेच केलं होतं आणि हा विषय त्याला स्वतःला हवा होता. पण थुंकी बाईची होती, आणि गोगटेसाठी छत्तीस वेळा थुंकायला तयार होईल अशी बाई निदान पुण्यात तरी नव्हती.

"माझी घ्या," मी म्हणाले. "आत्ता घ्या. तुमच्यासमोर."

सर नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी खण उघडला आणि कोरी नळी पुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन पुरुष समोर, हातात नळी आणि तोंडाला कोरड पडलेली. नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी यायला किती वेळ गेला, देव जाणे. गोगटे एकदा म्हणाला, "पाणी हवं का?" आणि मग स्वतःच म्हणाला, "पण पाणी चालत नाही ना." त्या क्षणी मी त्याचा जन्मभराचा राग धरला. तो अजून पुरता गेलेला नाही.

निकाल येईपर्यंत सगळी प्रयोगशाळा माझ्याशी जपून बोलत होती. जेवणाच्या टेबलावर मी बसले की बोलणं हवापाण्याकडे वळायचं. शेवटी सरांनी बोलावलं.

"तुमची नाही," ते म्हणाले. "तुमच्या आईचीही नाही, तेही त्यातून कळतं."

"माझ्या आईचा काय संबंध, सर?"

"बघावं लागतं."

इतका वेळ मी घाबरले होते, आता संतापले. माझी आई सांगलीला शाळेत शिकवायची. कधी कुणाच्या बागेतलं फूल न विचारता तोडलं नव्हतं तिने.

"ती बाई मला समोर हवी," सर म्हणाले. "तिचा नवा नमुना, साक्षीदारासमोर घेतलेला. जुळला तर ठीक. नाहीतर तुमची नोंदणी रद्द करायला मला वर लिहावं लागेल. गोगटे येईल बरोबर."

"पहारा?"

"साक्षीदार," सर म्हणाले.

जीपमध्ये गोगटे पुढे बसला, मी मागे. घाट लागेपर्यंत मी मनात पहिली खेप आठवत होते. चावडीपुढच्या ओट्यावर सगळी वाडी जमली होती. मी रक्ताऐवजी थुंकी मागत होते, कारण सुई पाहून आडगावचे लोक बिचकतील असं आम्ही पुण्यात बसून ठरवलं होतं. लहानू कारभारी, म्हणजे वाडीचा पुढारी, सगळं ऐकून म्हणाला होता, "रगत नको म्हंता? थुंकीच पायजे?" मला तो दिलासा वाटला. मी हसून म्हणाले, "हो, सुई नाही, काही नाही." लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग मी आणखी समजावलं, की या थुंकीतून तुमची आई, तिची आई, तिची आई, अशा सगळ्या कुठून चालत आल्या ते आम्हाला कळतं. तेव्हा मागच्या बाजूने एका बाईचा आवाज आला होता, "येवढ्या लांबचं निघतं?" मी म्हणाले होते, "त्याच्याही लांबचं निघतं." प्रश्न एवढा एकच आला होता.

कागदांवर सगळ्यांनी खळखळ न करता अंगठे दिले. अंगठे त्यांनी आजवर कुणाकुणाला दिले होते, त्यांना त्याचं काही नव्हतं. थुंकी सकाळी चूळ भरायच्या आधीची हवी, म्हणून नळ्या घरोघर देऊन मी खाली राजूरला मुक्कामाला गेले आणि दोन दिवसांनी गोळा करून आणल्या. ही पद्धत सरांनीच आखून दिली होती. नळ्या घेताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळ्यांना किंचित आंबूस वास होता. पारोशा तोंडाचा असेल म्हणून मी सोडून दिलं.

वाडीत पोचलो तेव्हा लहानू भात झोडत होता. मला पाहून त्याने हातातली पेंढी खाली ठेवली.

"बाई, परत आल्या?"

"कारभारी, नळ्या परत भराव्या लागतील. माझ्यासमोर."

"येकदा दिलं ना."

"तुम्ही स्वतः दिली होती?"

"वाडीनं दिली," लहानू म्हणाला आणि पेंढी उचलली.

मी घरोघर फिरले. गोगटे दोन पावलं मागे, हाताची घडी घालून. कुणीही ताकास तूर लागू देईना. म्हातारे म्हणाले, दिली. बाया म्हणाल्या, दिली की. एकीला मी विचारलं, "कशी दिली? दाखवा बरं." ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. एकाने तर मलाच विचारलं, "का वं बाई, सांडली का तुमच्याकडून?" माझा संशय एकेका चेहऱ्यावर जाऊन बसत होता आणि उठत होता. ही असेल का? ती असेल? गोगटेचा संशय माझ्यावरून हलला नव्हता. तो हळूच म्हणाला, "तू यांना काही देऊन गप्प बसवलंयस का गं?" मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर ते छापण्याजोगं नसतं.

एक म्हातारी मात्र सकाळपासून आमच्या मागे होती. सावळी, काटक, साठीपुढची. आम्ही एखाद्या दारात थांबलो की तीही चार हातांवर थांबायची, चाललो की चालायची. वाडीत आमच्याकडे बघून हसलेलं तेवढं एकच माणूस. दुपारी मी एका दगडावर टेकले तेव्हा ती जवळ आली.

"दमलीस का, बाय? घरात ये. पानी दिते."

तिचं खोपट वाडीच्या पार टोकाला होतं. आत एकच चूल, दोन मडकी आणि एक गोधडी. मी वाकून दारातून आत शिरले आणि थबकले. तो वास मला ओळखीचा होता. दाराच्या आत चिंचोक्यांचा ढीग पडला होता, चोखून टाकलेल्या चिंचोक्यांचा, वरचे काही अजून ओलसर वाटावेत असे चकचकीत. चिंच तोंडात धरली की तोंडाला पाणी सुटतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

"आजी," मी विचारलं, "एवढी चिंच कशाला?"

ती मोकळेपणाने हसली. "येवढ्या नळ्या भरायच्या म्हंजी काय खेळ हाये? मपलं तोंड सुकून गेलं व्हतं. दोन राती बसले व्हते."

गोगटे दारातच उभा होता. त्याची हाताची घडी सुटली.

"सगळ्या तुम्हीच भरल्या?"

"मंग? कुनी देत व्हतं का?"

तेवढ्यात लहानू आला. आम्ही इकडे वळल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. पकडलं गेल्याचं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं. दारात उकिडवा बसून त्याने तंबाखू मळायला घेतली.

"बाई, आमी फशिवलं न्हाई," तो म्हणाला. "गावदेवाला आमी घरटी कोंबडं देतो का? येक देतो. येकानं दिलं म्हंजी गावानं दिलं. तुमाला वाडीची थुंकी पायजे व्हती, वाडीनं दिली."

"पण प्रत्येकाची वेगळी हवी होती, कारभारी."

"रगत मागितलं असतं तर दिलं असतं प्रत्येकानं. हिवतापाचा डाक्टर नेतो की दर साली. पन केस, नख आन थुंकी परक्याच्या हाती कुनी देत नाय. त्याच्यावर करनी व्हती. आन करनी येकट्याला लागत नाय, ती कुळात उतरती. आजा, बाप, पोरं, सगळ्यांला धरती."

पुण्यात बसून आम्ही सुईची भीती टाळली होती आणि नेमकं जे मागू नये तेच मागितलं होतं. पण लहानूचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.

"मंग बैठक केली," तो म्हणाला. "बाई लांबून आली, न्हाई म्हनवंना. तव्हा ही गवसा म्हनली, मी दिते. आमी म्हनलं, बराबर हाये. हिला कूळ नाय. हिच्यावरून मागं जायला वाट नाय आन पुढं जायला पोर नाय. काय लागलं तर हितंच सरलं."

हे सगळं तो तिच्यासमोर बोलत होता. गवसा मान डोलवत होती, घरातलं भांडं कुठे ठेवलंय हे कुणी सांगावं आणि आपण हो म्हणावं तशी.

"कूळ नाही म्हणजे?" मी विचारलं.

"धरनाच्या कामावर लोकं आली व्हती, माज्या बापाच्या वक्ताला. काम सरलं, बिऱ्हाडं उठून गेली. ही मागं ऱ्हायली. येवढीशी व्हती. वाडीला गवसली म्हनून गवसा. कुठल्या मुलखाची, कोन जातीची, काय ठावं नाय. लगीन करायला कुनी पुढं आलं नाय."

जुनी, एका जागी राहिलेली, सरमिसळ न झालेली माणसं हवीत म्हणून आम्ही सगळा जिल्हा पालथा घातला होता. आणि साऱ्या वाडीत जी एकटी तिथली नव्हती, तिच्याच थुंकीने आमच्या छत्तीस नळ्या भरल्या होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही. माझी सुटका झाली होती. आता एक नळी पुढे करायची, गोगटेसमोर भरून घ्यायची आणि पुण्याला जाऊन सरांच्या टेबलावर आपटायची.

मी पिशवीतून नळी काढली. "आजी, आणखी एकदा द्याल? एवढीच."

गवसाने नळी घेतली. पण तोंडाशी नेली नाही. मुठीत धरून ठेवली.

"दिते," ती म्हणाली. "पन तू आदी सांग. तू म्हनली व्हतीस ना, आई कुठनं आली ते निघतं? मंग काय निघालं?"

सकाळपासून ती आमच्या मागे मागे का हिंडत होती, ते मला आता कळलं. वाडीसाठी ती थुंकली नव्हतीच. तिने लहानूकडे पाहिलं. "तू जाय रं जरा," ती म्हणाली. तो उठून अंगणात गेला.

"ह्यांना वाटलं गवसा वाडीचं काम करती," ती म्हणाली. "म्या म्हनलं, येका नळीत चुकंल. सांडंल, फुटंल. सगळ्याच आपुन भराव्या. येकीत तरी निघंल."

"आजी, त्यातून फार जुनं निघतं. हजारो वर्षांपूर्वीचं."

"त्ये ऱ्हाऊ दे. माजी आई. मला आठवतं, गाढवावर बसले व्हते, पुढं दगडाचं पोतं व्हतं. आईचा हात व्हता पाठीशी. मंग कवातरी हात नव्हता. मला येवढंच इचारायचंय. ती मला इसरली का सोडून गेली? त्ये निघतं का?"

गोगटे दारातून बाजूला झाला. त्याने पाठ फिरवली.

माझं सगळं भवितव्य तिच्या मुठीत होतं. विसरली म्हणाले असते तर तिने तिथल्या तिथे नळी भरून दिली असती, आणि म्हातारपणी तिला बरंही वाटलं असतं. कुणाचं काय वाईट झालं असतं? आजही कधी कधी मला वाटतं, म्हणायला हवं होतं. पण एकदा त्या ओट्यावर उभं राहून मी जास्तीचं बोलले होते, म्हणूनच ही बाई दोन रात्री चिंच चोखत बसली होती.

"नाही निघत, आजी," मी म्हणाले. "ते कशातूनच निघत नाही."

तिने नळी चुलीशेजारी ठेवून दिली. अंगणात लहानूचा खोकला ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. पुण्याला जाऊन सामान आवरायचं आणि सांगलीची गाडी धरायची.

"मंग निघतं काय?" तिने विचारलं.

"एवढं निघतं," मी म्हणाले, "की तुमची आई, तिची आई, तिची आई, अशी एक रांग आहे. फार लांबून चालत आलेली. या वाडीपेक्षा जुनी, आपल्या सगळ्या देवळांपेक्षा जुनी. हजारो बाया. प्रत्येकीने आपल्या लेकीला एवढं तरी वाढवलं की तिला पुढे लेक झाली. मधली एक जरी खचली असती तर तुम्ही झाला नसता."

"आन ती रांग माज्यापाशी येऊन ऱ्हायली," गवसा म्हणाली. "मला कुठं लेक हाये."

तिने चुलीशेजारची नळी पुन्हा उचलली, उजेडाकडे धरून पाहिली.

"ह्या नळ्यांचं काय करता मंग?"

"या छत्तीस चुकीच्या ठरल्या. टाकून द्याव्या लागतील."

"आन ही?"

"ही जुळली की हिचंही काम संपेल."

"तसं नको," ती म्हणाली. "म्या दिते. पन ही टाकू नको. तेवढा शबुद दे."

मी शब्द दिला. तिने मडक्यावरची चिंचेची एक बोटभर शेंग सोलून तोंडात धरली, डोळे मिटले आणि नळी रेघेपर्यंत भरून माझ्या हातात दिली. साक्षीदार म्हणून गोगटेने सही केली. परतीच्या वाटेवर घाट उतरून झाल्यावर तो म्हणाला, "सरांना मी सांगतो सगळं. तू बोलू नकोस." त्याने सांगितलंही. एवढं मात्र त्याच्या नावावर आहे.

नमुना जुळला. सर म्हणाले, "अगं हेमांगी, आधीच सांगायचं ना, की लोक थुंकी द्यायला बिचकतात," आणि जुन्या नळ्यांची विल्हेवाट लावायच्या कागदावर सही करून मोकळे झाले. पुढच्या वर्षी आम्ही आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांबरोबर गेलो. वाडीने रक्त दिलं, प्रत्येकाने आपापलं. माझा प्रबंध पुरा झाला. त्यात गवसा कुठे नाही.

ती गेली ते मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानूने रस्त्यावरच्या दुकानातून फोन केला होता. वाडीने तिची माती केली, म्हणाला, आणि थोडा घुटमळून त्याने विचारलं, "ती नळी हाये का अजून?" आहे, म्हणाले. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी तीन ठिकाणी नोकरी केली. प्रत्येक ठिकाणी नमुन्यांच्या फ्रीजरची वर्षाअखेर साफसफाई होते. यंदाही साठ्याचं काम बघणाऱ्या कुलकर्णीबाई हातमोजे घालून एक नळी घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"मॅडम, ही एकच सुटी आहे. कुठल्याच अभ्यासात बसत नाही. कुणाची आहे ही?"

"गवसाबाईची," मी म्हणाले.

"तुमच्या नात्यातल्या?"

"नाही."

"मग टाकायची का?"

"नाही," मी म्हणाले. "ती आत ठेवा."